हौसाबाईचा पाय

"चप्पल घालता ना रोज?" त्या मुलीनं विचारलं आणि मी पटकन म्हणाले, "व्हय की, घालतीया की." धडधडीत खोटं. नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी फिरून तळव्याला जखम झालेली, मधुमेहाची पेशंट, कागलकडची हौसाबाई मी होते. म्हणजे नर्सिंगच्या पोरांच्या परीक्षेतली सोंगाची पेशंट, एका बेलपासून दुसऱ्या बेलपर्यंत. परीक्षक मॅडमच्या हातात कागद होता, त्यावर 'पादत्राणांबद्दल विचारले' अशी ओळ होती, तिच्यापुढं बरोबरची खूण पडली. मुलीनं सुरुवातीला जंतुनाशकानं हात चोळले होते, नाव सांगितलं होतं, तपासू का म्हणून विचारलं होतं, साखर, गोळ्या, जेवणाच्या वेळा असं सगळं ओळीनं झालं होतं. शेवटी "पायाची काळजी घ्या हं मावशी" म्हणून ती उठली, बेल वाजली, ती पुढच्या स्टेशनला, म्हणजे परीक्षेच्या पुढच्या टप्प्याला गेली. तिला जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क पडले. आणि हौसाबाई तशीच अनवाणी घरी गेली. तिचा पाय काही राहत नाही, हे मला कॉटवर पडल्या पडल्या दिसत होतं.

हे काम माझ्याकडं आलं नाटकामुळं. राज्य नाट्य स्पर्धेत आई, काकू, शेजारीण आणि एकदा पहिल्या अंकातच मरणारी सासू एवढी माझी कारकीर्द. बँकेची नोकरी सांभाळून जेवढं जमतं तेवढं. ऑगस्ट 2024 मध्ये आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं ते पॅलेस थिएटर. त्या रात्री आमच्या ग्रुपमधली निम्मी माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. तेव्हापासून आमची गाडी अडखळतच चालली. अशात नर्सिंगला शिकवणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती पूर्वी आमच्याच ग्रुपमध्ये काम करायची. म्हणाली, "ताई, एक भूमिका आहे. संवाद कमी. पडून राहायचं." मी म्हटलं, या वयात याहून चांगली भूमिका कोण देणार?

जखम मीच केली. तिथल्या पोरींना प्लास्टिकची जखम चिकटवायची होती, पण ती बघून आमच्या मेकअपवाल्या मामांनी डोक्याला हात लावला असता. कणीक घट्ट भिजवली, अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर चापली, मध्ये खड्डा केला, कडेला काजळ, आत कुंकू आणि ग्लिसरीन. वर थोडी कॉफी पावडर चोळली की जुनी, दुर्लक्ष केलेली जखम तयार. खरी अडचण वेगळीच निघाली. मधुमेह्यांचा पाय तपासताना नायलॉनचा एक जाड दोरा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात, मोनोफिलामेंट म्हणतात त्याला. दोरा वाकेपर्यंत दाबायचा, तो वाकला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. पेशंटनं डोळे मिटायचे आणि स्पर्श कळला की "हं" म्हणायचं. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, खडा रुतला तरी पत्ता लागत नाही, म्हणून ही तपासणी. आता हौसाबाईचे पाय बधिर, पण माझे नाहीत ना! मला लहानपणापासून गुदगुल्यांचं भयंकर वावडं. ती पोरं इतक्या काळजीनं तो दोरा टेकवायची आणि मी दात आवळून, मनात मारुती स्तोत्र म्हणत पडलेली. मेलेली सासू त्यापेक्षा सोपी होती.

मैत्रिणीनं चहाच्या वेळी या प्रकाराचा इतिहास सांगितला. 1963 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरनं पहिल्यांदा एका धडधाकट बाईला पेशंटचं सोंग शिकवलं आणि विद्यार्थ्यांपुढं बसवलं. सिनेमावाल्यांच्या गावात हे सुचलं यात नवल नाही, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नाकं मुरडली यातही नाही. पुढं 1975 मध्ये स्कॉटलंडातल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ही स्टेशनं आणि बेलची परीक्षा मांडली. सगळ्या विद्यार्थ्यांना तोच पेशंट, तेच प्रश्न, तोच वेळ. म्हणजे एकाला साधी सर्दी आणि दुसऱ्याला गुंतागुंतीची केस असा नशिबाचा खेळ बंद. आपल्याकडं 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच पेशंटशी बोलायचं कसं, वागायचं कसं याचे धडे आले, नर्सिंगमध्येही सोंगाचे पेशंट आणि बाहुल्या आल्या. पलीकडच्या खोलीत तसली एक बाहुली होती, छाती दाबायला शिकायची. नॉर्वेतल्या एका खेळणी बनवणाऱ्यानं 1960 मध्ये ॲन नावाची पहिली बाहुली तयार केली, तिचीच ही नात-पणती. मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगानं, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं. पोरं घामाघूम होऊन मोठ्यानं आकडे मोजत होती आणि मला ते कॉटवरून ऐकू येत होतं.

माझ्या संहितेत एक सूचना होती. अनवाणी चालल्याचं हौसाबाई आपणहून सांगत नाही. रागानं विचारलं, किंवा 'हो' म्हणण्याजोगं विचारलं, तर ती खोटं सांगते. मोकळं विचारलं तरच सांगते. नट म्हणून मला हे अवघड जाईल असं वाटलं होतं. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, लक्षात कसं ठेवायचं? पण काही लक्षात ठेवावंच लागलं नाही. "घालता ना?" यातला तो 'ना' ऐकला की तोंडातून आपोआप "व्हय" जातं. "गोळ्या वेळेवर घेता ना? पथ्य पाळता ना?" सगळ्याला व्हय. विचारणाऱ्याला काय ऐकायचंय ते आपल्या बायकांना फार लवकर कळतं, उभा जन्म त्यातच गेलेला असतो. आणि एका मुलानं जखम बघून "काय हे मावशी, एवढं होईपर्यंत काय करत होता?" म्हटलं, तेव्हा तर मला खराखुरा राग आला. मी पाय आत ओढून घेतला. ते संहितेत नव्हतं.

दुपारी एक पोरगं आलं, चंदगडकडचं असावं, बोलण्यात तो हेल होता. त्यानं खुर्ची घेतली नाही, कॉटखालचं छोटं स्टूल ओढलं आणि पायाशी बसला. बराच वेळ पायच बघत होता, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग म्हणाला, "नवरात्रात त्र्यंबोलीला गेल्ता काय?" मी म्हटलं, "ललिता पंचमीला. पालखीसंगट." "मग कोहळा मिळाला काय?" "कुटला मिळतोय, गर्दी किती असती." असं आमचं सुरू झालं. कुठनं निघालात, ऊन होतं का, डांबर तापलं असंल की. आणि मी कधी सांगून टाकलं मलाच कळलं नाही, की नातवासाठी बोललेलं होतं, नऊ दिवस पायात काही घातलं नाही, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी रात्री पांघरुणावर डाग दिसला तेव्हा समजलं. तो म्हणाला, "आता पुढल्या वर्षी देवीला दुसरं काय बोलता येतंय बघू या." बेल वाजली. त्याचं साखरेचं विचारायचं राहिलं, गोळ्यांचं राहिलं, तपासणीचा दोरा त्यानं हातातही घेतला नाही. सुरुवातीला हात चोळायलासुद्धा विसरला होता.

त्याला कमी मार्क पडले.

मला आता यावर कागदाला शिव्या घालायच्या आहेत असं तुम्हाला वाटेल. पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. पण हात न धुता जखमेला हात लावणारा गोड बोलका ब्रदर मला माझ्या घरच्या माणसासाठी चालेल का? नाही चालणार. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑपरेशनच्या वेळी वाचायची एकोणीस कलमांची यादी काढली. पेशंट तोच का, बाजू तीच का, पट्ट्या मोजल्या का, खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांना नाव आणि काम सांगितलं का, इतक्या साध्या गोष्टी. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून बघितली, त्यात आपली दिल्लीही होती. 2009 साली आकडे आले: ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले होते. यादीला हसण्यात अर्थ नाही. माझी कुरकुर एवढीच, की 'विचारले' या कलमापुढं खूण करायची सोय आहे, 'कळले' याला नाही. त्या हुशार मुलीला कुणी सांगितलंच नाही की तुझी मावशी खोटं बोलली. तिला ते कळायचा मार्गच नव्हता. मी पुढच्या विद्यार्थ्यासाठी जखमेला ग्लिसरीन लावत होते.

आमच्या सासूबाईंना एका दवाखान्यातून घरी सोडलं तो दिवस मला या सगळ्यात सारखा आठवत राहिला. डिस्चार्जच्या वेळची गडबड तुम्हाला माहीत आहे. एक जण बिलाच्या रांगेत, एक जण गाडी लावायला जागा शोधतोय, सासूबाई लुगडं नीट करताहेत, आणि सिस्टर एका दमात सांगताहेत: ही सकाळी, ही दुपारी, ही जेवणाआधी अर्धा तास, इन्शुलिन थंड ठेवायचं, समजलं ना? आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं, समजलं. 'थंड ठेवायचं' हे घरी आल्यावर सगळ्यात वरच्या बर्फाच्या कप्प्यात जाऊन बसलं. ते गोठलं, मग वितळलं, मग टोचलं गेलं, आणि साखर काही उतरेना. गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं असतं, ते फ्रीजच्या खालच्या खणात किंवा दारात ठेवतात, हे पुढं एका औषधाच्या दुकानातल्या पोरानं सांगितलं. सिस्टरांनी सांगितलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. थंड म्हणाल्या होत्या. "आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर हे कुठं ठेवणार?" एवढंच त्यांनी उलट विचारलं असतं तर सासूबाईंनी खणखणीत आवाजात "बर्फात" म्हटलं असतं आणि तिथल्या तिथं निकाल लागला असता. हल्ली नर्सिंगच्या पोरांना हे उलट विचारणं शिकवतात. मी मैत्रिणीच्या वर्गात मागं बसून ते बघितलं आणि मला बरं वाटलं, थोडा रागही आला, की इतक्या उशिरा का?

पण शिकवतात म्हणजे काय करतात? दोन दिवसांची कार्यशाळा, फोल्डर, पेन, दुपारी मसालेभात आणि जिलेबी, शेवटी दीपप्रज्वलनापासूनचे सगळे फोटो आणि प्रमाणपत्र. आपल्या कोल्हापुरात कशाचाही फ्लेक्स लागतो, याचाही लागतो. मी लहान असताना थोरल्या भावाला तालमीत डबा द्यायला जायची. बायकांनी आत जायचं नाही, म्हणून दारात उभी राहायची. हौदातल्या तांबड्या मातीला हळद, ताक, तेल, लिंबू यांचा मिळून एक वास असतो, तो अजून नाकात आहे. वस्ताद हौदाच्या काठावर बसलेले. जोड्या झुंजताहेत, वस्ताद दुसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटायचं, आणि मधूनच ते एकच शब्द टाकायचे: "गुडघा." त्या गलक्यात ज्याचा गुडघा चुकला असेल त्याला बरोबर कळायचं. रोज. वर्षानुवर्षं. खासबागेच्या कुस्ती मैदानात जे दिसतं ते या रोजच्या "गुडघा"तून आलेलं असतं, कुणी दोन दिवसांत डाव शिकवून प्रमाणपत्र देत नाही. वॉर्डात हे काम इन्चार्ज सिस्टर करायच्या. सुई कशी धरलीस, पेशंटला कुशीवर वळवताना हात कुठं, असं येता-जाता सांगायच्या. आता त्या रजिस्टर, इंडेंट आणि कॉम्प्युटर यांतून मान वर काढतील तेव्हा ना.

जुन्याचं फार कौतुक करायला मी बसलेले नाही. त्याच वस्तादांच्या हातात काठी असायची आणि भाऊ पाठीवर वळ घेऊन यायचा, आईला म्हणायचा पडलो. खोटंच. वॉर्डातही तेच चालायचं, चालतं. राउंडला मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत सिस्टरला झापतात, सिस्टर विद्यार्थिनीला, विद्यार्थिनी पेशंटला, आणि पेशंट बिचारा घरी जाऊन सुनेला. "काय हे मावशी" म्हणणाऱ्या त्या मुलाचा मला राग आला होता, पण नंतर मी त्याला व्हरांड्यात बघितलं. एक वरिष्ठ बाई त्याला सगळ्यांपुढं, अगदी त्याच सुरात, "काय हे, थर्ड इयरला आलास तू" म्हणून सोलत होत्या. तो पायाकडं बघत उभा होता. मी हौसाबाई असताना अशीच बघत होते.

चहाच्या वेळी पोरं मोकळी झाली. खोटा पेशंट कसा खोटं बोलतो याची माझी नक्कल त्यांना आवडली होती. हसता हसता एक मुलगी म्हणाली, "मावशी, आम्ही पण सांगतोच की खोटं." मग तिनं जे सांगितलं त्यावर कुणी हसलं नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, नाहीतर पाठीला जखमा होतात. तसा तक्ता असतो, वेळ आणि सही. रात्रीच्या ड्यूटीला वॉर्ड भरलेला, दोन सिरियस, एक नवीन ॲडमिशन. दोनची कूस राहिली. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या सिस्टरकडं वॉर्ड सोपवताना, 'राहिली' म्हणायची सोय नसते, म्हटलं तर सगळ्यांपुढं उभं करतात. म्हणून तक्त्यावर दोनची सही होती. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागं एक नर्स असा नर्सिंग कौन्सिलचा निकष कागदावर आहे, आणि कोल्हापुरात जिल्ह्याबरोबर तळकोकणातनं, निपाणीकडनं पेशंट येतात तेव्हा वॉर्ड कसा दिसतो हे ज्यानं त्यानं आपल्या आजारपणात बघितलंय. पण मला त्या मुलीच्या बोलण्यात गर्दीपेक्षा दुसरं काहीतरी ऐकू आलं. 'राहिली' असं ती म्हणू शकली असती, तर सकाळच्या सिस्टरनी निदान पाठ उघडून बघितली असती. बोलणी बसणार म्हटल्यावर हौसाबाई चप्पल घालते आणि ही पोरगी कूस बदलते. संवादकौशल्याच्या किती का कार्यशाळा घ्या, ज्या पोरीला स्वतःची चूक वरच्या माणसाला सांगता येत नाही, ती खालच्या माणसाकडनं खरं कसं काढून घेणार, हे मला उमगत नाही.

आणि मग मावशी. मी हौसाबाई म्हणजे सोंगाची मावशी, आणि ही खरी मावशी, वॉर्डातली आया, निळ्या साडीतली. खोलीतली कॉट, चादरी, बेडपॅन तिनंच मांडून दिलं होतं आणि ती दिवसभर दाराशी बसून आमचं नाटक बघत होती. सगळं आटोपल्यावर मी कॉटवर बसून पायावरची कणीक खरवडत होते तर ती जवळ आली, वाकून जखम बघितली आणि म्हणाली, "झाक केलीया. पर वास न्हाई." मग पदरानं घाम पुसत म्हणाली, "ह्यास्नी बायका काय सांगत न्हाईत. आमास्नी समदं सांगत्यात. कोण जेवत न्हाई, कोण गोळी उशीखाली ठेवती, कुणाचा न्हवरा दारू पिऊन आल्ता. पाट चोळताना बोलतंयच की मानूस." मी विचारलं, मग तुम्ही सिस्टरना सांगता का? ती हसली. "आमाला कोण इचारतंय?" तिला कसलं ट्रेनिंग झालंय का, तर कचऱ्याच्या डब्यांचे रंग सांगितले होते: पिवळ्यात काय, लाल्यात काय. पेशंटला कॉटवरून स्ट्रेचरवर ती घेते, बाथरूमला ती नेते, पडायला लागला तर पहिला हात तिचा. कुशीवर कसं वळवायचं हे ती बघून बघून शिकली, आणि बघायला मिळालं ते बरोबर होतं की चूक, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिच्यासाठी बाहुली नाही, बेल नाही, मसालेभातही नाही. त्या दिवशीचा उरलेला तिनं डब्यात भरला, तेवढा.

मैत्रिणीनं पुढच्या तुकडीसाठी मला संहितेत काय बदलावं ते विचारलं. मी तीन गोष्टी सांगितल्या. एक, बेल झाल्यावर अर्धं मिनिट पेशंटला द्या. मी तशीच पडून त्या पोराला सांगेन की मी काय लपवलं आणि का. हे तिला लगेच पटलं, परदेशात तसं करतातच म्हणाली. दुसरं, एक स्टेशन असं ठेवा की जिथं विद्यार्थ्यानं वरिष्ठांना आपलं राहिलेलं काम सांगायचं आणि वरिष्ठांनी ते ऐकून घ्यायचं, म्हणजे मार्क दोघांनाही. यावर ती जरा थांबली. वरिष्ठांना मार्क कोण देणार, असं तिनं हळूच विचारलं. मी म्हटलं, मी देते, मला काय, मी रिटायर झालेली बाई.

तिसरं मावशीचं. हौसाबाईच्या उशाशी मावशी बसलेली असावी, आणि तिलाही एखादा प्रश्न विचारणाऱ्याला मार्क असावेत. शिवाय ती भूमिका खऱ्या मावशीनंच करावी, मला ती जमणार नाही. मैत्रीण म्हणाली, "कल्पना चांगली आहे ताई, पण स्टेशन पाच मिनिटांचं. त्यात मावशी बसत नाही." मग सात मिनिटांचं करा की, असं मी म्हटलंय. वरनं परवानगी लागेल म्हणाली. अजून काही कळलेलं नाही. मावशी मात्र दोनदा विचारून गेली, साडी निळीच नेसायची का दुसरी चालंल.